काशीचा शेख, दिल्लीचा मौलवी

वाराणसीत लल्लापुराच्या बाजूला फातमान म्हणून दर्गा आहे. शिया मुसलमानांचे कब्रस्तानही तिथेच. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांना 21 ऑगस्ट 2006 रोजी इथेच दफन केले, त्यामुळे काशीला जाणारा एखादा संगीतवेडा मराठी माणूस वाट वाकडी करून इथवर येतो. त्याच आवारात आणखी एक जुनी कबर आहे, शेख मुहम्मद अली हझीन याची. जन्म इस्फहानचा, 1692 सालचा. मृत्यू बनारसचा, 1766 सालचा. बिस्मिल्ला खाँसाहेबांविषयी सगळ्यांना सगळे माहीत असते. शेखविषयी मात्र जे माहीत असते ते बहुतेक ऐकीव, आणि त्यातले निम्मे तपासून घ्यावे असे.

“शेख हझीन काशीच्या प्रेमात पडला आणि इथलाच झाला”

ही समजूत एका फारसी शेरावर उभी आहे. बनारस सोडून मी जाणार नाही, इथला प्रत्येक ब्राह्मणपुत्र मला राम-लक्ष्मणच वाटतो, अशा अर्थाचा तो शेर हझीनच्या नावावर खपतो. भाषणात, उद्घाटनात, गंगा-जमनी संस्कृतीवरच्या प्रत्येक लेखात तो हजर असतो. शेर गोड आहे, तो ऐकून कोणाचे वाईटही होत नाही. तो खरोखर हझीनचाच का, हे विचारायला गेलात तर मात्र पुरावा म्हणून पुन्हा तोच शेर पुढे येतो.

हझीनने स्वतः हिंदुस्थानाविषयी काय लिहिले ते मात्र शंकेपलीकडचे आहे. 1741-42 च्या सुमारास, पन्नाशीला टेकलेला असताना, त्याने दिल्लीत आपले आत्मचरित्र लिहिले. ‘तज़्किरतुल अहवाल’ हे त्याचे नाव. त्यात या देशाविषयीची नाराजी पानोपानी आहे. इथे घालवलेली वर्षे मी आयुष्यात धरतच नाही, असा त्याचा सूर. हवा मानवत नाही, माणसे पटत नाहीत, अमीर-उमरावांना शब्दाची किंमत नाही. इथल्या फारसी कवींना तर त्याने इतके हिणवले, की दिल्लीचे सिराजुद्दीन अली खान आरझू संतापले आणि त्यांनी हझीनच्याच कवितेतल्या चुका काढणारा ‘तंबीहुल गाफिलीन’ हा ग्रंथ लिहून काढला. पुढे 1752 मध्ये हझीनने आपल्या समकालीन विद्वानांचा आणि कवींचा चरित्रकोश केला. त्यात सगळे इराणचे. अठरा वर्षे ज्या देशाचे अन्न खाल्ले तिथला एकही नाही.

मग बनारस कुठून आले? दिल्ली सोडून तो पूर्वेकडे निघाला तो बंगालच्या बंदरातून जहाज गाठून परत जाण्याच्या इराद्याने. ते जमले नाही. अझीमाबाद, म्हणजे आजचे पाटणा, आणि बनारस या टापूतच तो अडकला आणि शेवटी बनारसमध्ये स्थिरावला. इथे त्याला मान मिळाला, स्वस्थता मिळाली, हिंदू-मुसलमान दोघेही त्याच्या दाराशी येत. आपली कबर त्याने हयातीतच बांधून घेतली. या शहराने त्याला शांत केले, एवढे म्हणायला हरकत नाही. पण दिल्लीत कडवट लिहिणारा आणि काशीत निवांत मरणारा, ही दोन्ही माणसे एकच होती. एकाला लपवून दुसऱ्याचा उत्सव करणे म्हणजे त्याला न वाचणेच होय.

गंमत अशी, की काशीवरचे ज्याचे फारसी प्रेम निर्विवाद आहे तो कवी वेगळाच. मिर्झा गालिब 1827-28 च्या हिवाळ्यात कलकत्त्याला जाताना इथे मुक्कामाला होता आणि त्याने ‘चिराग-ए-दैर’ ही मसनवी रचली. काशीची भाषणे त्या मसनवीवर उभी राहिली तर पायाखाली जमीन तरी असेल.

“अफगाण आले, आणि तो तडक हिंदुस्थानात पळाला”

तडक नव्हे. मधे बारा वर्षे आहेत.

1722 च्या मार्चमध्ये गुलनाबादच्या लढाईत इराणच्या सफवी राजवटीची फौज मोडली आणि महमूद अफगाणाने राजधानी इस्फहानला वेढा घातला. तो ऑक्टोबरपर्यंत चालला. शहरात अन्न संपले. हझीन वेढ्याच्या अगदी शेवटी खेडुताचा वेश करून बाहेर पडला. घरची माणसे गेली होती, ग्रंथसंग्रह मागे राहून नष्ट झाला. नंतर तो इराण-इराकभर फिरत राहिला. नजफला बराच काळ अभ्यासात काढला, मक्केची यात्रा केली. इराण सोडण्याची वेळ आली ती अफगाण हरल्यावर, पुढे नादिरशहा म्हणून ओळखल्या गेलेल्या नादिरच्या अमलात. नादिरने अफगाणांना हाकलले, पण फौजेसाठी कर असे वसूल केले की रयत पिळून निघाली. लार शहरात सुभेदाराचा खून झाला आणि संशयाचे बोट हझीनकडेही वळले. 1734 मध्ये त्याने बंदर अब्बासहून सिंधमधल्या ठट्ट्याची वाट धरली, पुढे मुलतान, लाहोर आणि दिल्ली. आपल्या मुक्तिदात्याच्याच तावडीतून निसटलेला हा माणूस आहे, हे लक्षात घेतले नाही तर त्याने नादिरविषयी लिहिलेले नीट उमगत नाही.

“धर्मशास्त्र शिकलेला माणूस, त्याला राजकारणातले काय कळणार”

या गैरसमजापाशी जरा थांबायला हवे, कारण तो आजही तितकाच ठणठणीत आहे. मौलवी म्हणजे मदरसा, फतवा आणि फार तर जुलूस. दरबाराचे डावपेच ही त्याची जागा नव्हे, असे आपण गृहीत धरतो.

हझीनचे शिक्षण पाहा. कुराण, हदीस, फिक्ह हे शिया विद्वानाचे नेहमीचे झालेच. त्याशिवाय तर्कशास्त्र, वैद्यक, गणित, ज्योतिष. इस्फहानमधल्या ख्रिस्ती धर्मगुरूकडे जाऊन त्याने बायबल समजून घेतले, एका ज्यू विद्वानाकडून तौरात, आणि जरथुष्ट्री धर्माची माहिती त्या धर्माच्या जाणत्यांकडून. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकायचे, ही बातमीदाराची पहिली सवय त्याला धर्माच्या अभ्यासातच लागली.

दुसरी सवय याहून महत्त्वाची. हदीस शिकणाऱ्याला मजकूर शिकण्याआधी साखळी शिकावी लागते. हे वचन कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, ते दोघे एका काळात आणि एका गावात होते का, मधला माणूस खोटारडा किंवा विसराळू म्हणून ओळखला जात होता का. शिया परंपरेत या निवेदकांच्या छाननीचे स्वतंत्र शास्त्र आहे, त्याला इल्म-ए-रिजाल म्हणतात. वर्तमानपत्राच्या कचेरीत नव्या पोराला “तुला हे कोणी सांगितले?” असा दम भरतात, तेच हे शास्त्र.

म्हणून ‘तज़्किरतुल अहवाल’ हे साधू-संताचे चरित्र म्हणून उघडणाऱ्याची फसगत होते. इस्फहान का पडले याचे त्याचे निदान दैवावर थांबत नाही. लांबलेल्या शांततेने दरबार सुस्त झाला, तलवारी गंजल्या, सल्लागार एकमेकांचे पाय ओढण्यात गुंतले, आणि शहाला खरे सांगणारा उरला नाही, असे तो मांडतो. दिल्लीबाबतही तेच. नादिरचे वकील मुघल दरबारात येत होते. पळून आलेल्या अफगाणांना थारा देऊ नका, अशी त्यांची मागणी होती. दिल्लीने ना होकार दिला ना नकार, उत्तरे लांबवली, वकिलांना ताटकळत ठेवले. हा सगळा पत्रव्यवहार हझीन बारकाईने सांगतो, कारण त्याच्या लेखी 1739 च्या संकटाचे मूळ तिथे आहे. फेब्रुवारी 1739 मध्ये कर्नालला मुघल फौज हरली आणि मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली. त्या दिवसांत हझीन दिल्लीतच होता, एका इराणी स्नेह्याच्या घरी लपून. सतरा वर्षांत दोन राजधान्यांचा पाडाव त्याने आतून पाहिला. असा साक्षीदार अठराव्या शतकात शोधून सापडणार नाही.

मराठी वाचकाला या पानांत आणखी एक ओढ वाटावी. हझीन हिंदुस्थानात उतरला त्यानंतर तीनच वर्षांनी, 1737 मध्ये, पहिले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन आले होते. नादिरच्या बातम्या पुण्याकडे वकिलांच्या पत्रांतून येत होत्या, आणि 1739 च्या त्या संकटात मराठी फौजा वसईत गुंतल्या होत्या. दिल्लीचे पोकळपण आपल्याकडच्या कागदांत बाहेरून दिसते. हझीनच्या पुस्तकात तेच पोकळपण आतल्या माणसाच्या नजरेने दिसते. इतिहासाचे आपले विद्यार्थी त्याच्याकडे वळत नाहीत याचे मला नवल वाटते. पुस्तक दुर्मीळ म्हणावे तर 1830 मध्येच लंडनला बेल्फोरने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले होते.

बक्सारच्या लढाईआधी हझीनने अवधच्या शुजाउद्दौलाला इंग्रजांशी भिडू नका असे सुचवले, अशीही हकीकत सांगितली जाते. मी तिला फार वजन देत नाही. 1764 ला शुजाचा पराभव झाल्यावर असे शहाणे सल्ले मागाहून बरेच उगवतात. हझीनची राजकीय समज सिद्ध करायला त्याचे स्वतःचे पुस्तक पुरते.

“शिया म्हणजे लखनौ, आपला त्यांच्याशी काय संबंध”

संबंध थेट नगरचा आहे. शाह ताहिर हा इराणमधून परागंदा झालेला शिया विद्वान सोळाव्या शतकात गोव्याच्या बाजूने दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाचा सल्लागार झाला. 1538 च्या सुमारास निजामशाहीने शिया पंथ राजधर्म म्हणून स्वीकारला तो त्याच्या प्रभावाने. किल्ल्यात धर्मावर व्याख्याने देणारा हा माणूस शेजारच्या शाह्यांशी तहाची बोलणीही करत असे. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने तर त्याच्याही आधी, सोळाव्या शतकाच्या आरंभीच, शिया पंथ जाहीर केला होता. मोहरमचे ताबूत आणि डोले आपल्या गावागावांत कुठून आले, आणि ते नाचवायला हिंदू घरे पुढे का होती, याचे धागे इथे आहेत, लखनौला नाहीत.

बनारसमध्येही शिया म्हणजे केवळ परदेशी घराणी नव्हेत. बिस्मिल्ला खाँ बिहारमधल्या डुमराँवचे. विश्वनाथाच्या दारी त्यांचे मामा अली बख्श शहनाई वाजवत. खाँसाहेबांविषयी आपण मंदिराची गोष्ट आवडीने सांगतो. मोहरमच्या आठव्या तारखेला ते दालमंडीतून फातमानकडे पायी, उभ्याने, डोळ्यांतून पाणी गाळत नौहा, म्हणजे शोकगीत, वाजवत जात आणि त्या दिवशी राग वाजवत नसत, ही गोष्ट मात्र मागे पडते. एकच अर्धा सांगितला की माणूस पोस्टरवरचा होतो.

“म्हणजे हझीन आपल्याकडचा पहिला पत्रकार”

इतकी उडी नको. हझीनने वर्तमानपत्र काढले नाही, त्याच्या काळात या देशात छापील वर्तमानपत्र नव्हतेच. कलकत्त्याला हिकीचे ‘बेंगॉल गॅझेट’ निघाले 1780 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. तो पत्रकाराच्या नजरेचा आत्मचरित्रकार होता, एवढेच म्हणावे. शिया धर्मशास्त्री खऱ्या अर्थाने संपादक झालेला पाहायचा तर काशीहून दिल्लीला, मौलवी मुहम्मद बाकर यांच्याकडे जावे लागते.

बाकर दिल्लीतल्या विद्वान शिया घराण्यातले. वडील मौलवी मुहम्मद अकबर यांच्याकडे धर्मशिक्षण, मग दिल्ली कॉलेज, तिथेच अध्यापन, नंतर कंपनीच्या महसूल खात्यात नोकरी. 1835 मध्ये हंगामी गव्हर्नर-जनरल मेटकाफने छापखान्यांवरची बंधने सैल केली. बाकरांनी शिळाप्रेस घेतला आणि 1837 च्या सुमारास ‘देहली अखबार’ हे साप्ताहिक सुरू केले, जे लवकरच ‘देहली उर्दू अखबार’ झाले. एका सदराचे नाव ‘हुजूर-ए-वाला’, त्यात बादशहाच्या घरच्या बातम्या. दुसऱ्याचे ‘साहिब-ए-कलाँ’, त्यात कंपनी सरकारच्या. एकाच पानावर दोन सत्ता शेजारी शेजारी बसवल्या की भाष्य आपोआप होते. आणि मुलाहिजा कोणाचाच नाही: गालिबच्या घरी जुगारावर 1841 मध्ये धाड पडली, ती बातमीही या पत्राने छापली.

“मौलवी धर्म सोडून पत्रकार झाले” असे त्यांच्याविषयी म्हणतात तेही खोटे. त्यांनी काहीच सोडले नाही. 1843 च्या सुमारास त्यांनी शिया धर्मचर्चेला वाहिलेले ‘मज़हर-उल-हक़’ हे वेगळे पत्र चालवले, पंथातले वाद हिरिरीने लढले, इमामबाडा उभारला. आपल्याकडे 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर शास्त्रीच होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावातले ‘शास्त्री’ कोणाला खटकत नाही. काशीतच पुढे ‘आज’ दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे भीष्म ठरलेले बाबूराव विष्णु पराडकर हे मराठी वैदिक घरातले, वडील विष्णुशास्त्री. शास्त्री संपादक झाला की आपण त्याला प्रबोधन म्हणतो आणि मौलवी झाला की चमत्कार. दोघांची तयारी एकाच जातीची होती: पाठांतर, टीकाग्रंथ, पूर्वपक्ष नीट मांडून मग उत्तर देण्याची शिस्त.

“बाकर पहिल्यापासून इंग्रजांचे वैरी”

हुतात्म्याचे चरित्र उलट्या बाजूने लिहिण्याची आपल्याला खोड आहे. शेवट हौतात्म्याने झाला तर पाळण्यातही बंडखोर होता असे ठरवून टाकायचे. बाकर कंपनीच्या कॉलेजात शिकले, कंपनीच्या खात्यात चाकरी केली, कंपनीने दिलेल्या मोकळिकीवर छापखाना चालवला. वीस वर्षे त्यांचे पत्र अधिकाऱ्यांच्या लाचखोरीवर लिहीत होते, पण राज्य उलथवा असे म्हणत नव्हते. बदल झाला तो मे 1857 मध्ये, डोळ्यांदेखत. 17 मेच्या अंकात ते कुराणातल्या वचनांनी सुरुवात करतात, सत्ताधीशांचा गर्व ईश्वर कसा उतरवतो हे सांगतात, आणि मग थेट रस्त्यावर येतात: गोळीबार ऐकून आपण घराबाहेर पडलो, काश्मिरी दरवाज्याकडे गेलो आणि काय पाहिले. धर्मचिंतन आणि आँखों देखा हाल एका लेखात, मधे ओळही न सोडता. माझ्या मते उर्दू पत्रकारितेतला हा सर्वांत मोलाचा अंक आहे.

12 जुलैपासून बादशहा बहादूरशहा ज़फर याच्या नावावरून पत्राचे नाव ‘अखबार-उज़-ज़फर’ झाले. हिंदू आणि मुसलमानांत फूट पडू नये म्हणून ते एकीकडे कुराणाचा, तर दुसरीकडे राम-रावणाचा दाखला देत. शेवटचा अंक 13 सप्टेंबरचा. दुसऱ्या दिवशी इंग्रज फौज शहरात घुसली.

“त्यांना तोफेच्या तोंडी दिले”

हे चित्र पाठ्यपुस्तकाला शोभते. कोणी तोफ सांगतो, कोणी गोळी. पकडले गेले आणि खटल्याचा फार्स न करता सप्टेंबरमध्येच मारले गेले, इथपर्यंत सगळे एकत्र आहेत. दिल्ली कॉलेजचे प्राचार्य टेलर यांना त्यांनी घरात आसरा दिला होता; टेलर वेशांतर करून निघाले आणि जमावाच्या हाती सापडून ठार झाले. जाताना त्यांनी सोपवलेल्या कागदांवर लॅटिनमध्ये बाकरांविरुद्ध शेरा होता आणि तोच त्यांच्या जिवावर उठला, अशीही कथा आहे. कथा म्हणून ती चटका लावते. गुन्ह्याला मात्र लॅटिनची गरज नव्हती, चार महिन्यांचे अंक उघड उर्दूत छापलेले होते. मुलगा मुहम्मद हुसेन आझाद निसटला, पुढे लाहोरला गेला आणि 1880 मध्ये ‘आब-ए-हयात’ लिहून उर्दू कवितेचा इतिहासकार झाला.

“युद्धकाळात ते नुसते बंडवाल्यांचे प्रचारक होते”

प्रचार होताच, आणि अतिशयोक्तीही. दूरच्या विजयाच्या बातम्या त्यांनी न पारखता छापल्या. निवेदकांची साखळी तपासणाऱ्या मौलवीला हे शोभले नाही, असे मला वाटते. पण शहरातल्या बातम्यांत हात आखडला नाही. लूट कोण करते, बाजारभाव कुठे गेले, घरे कोणी फोडली हे येत राहिले. ऑगस्टच्या उत्तरार्धातल्या एका अंकात तर आपल्याच बाजूच्या शिपायांची हजेरी घेतली आहे: बाहेरून आलेले हे गडी एकदा दिल्लीचे पाणी प्यायले, चांदणी चौकात चक्कर मारली, जामा मशीद पाहिली आणि घंटेवाल्याची मिठाई खाल्ली, की लढाईची इच्छाच विसरतात. पत्राच्या नावात तेव्हा बादशहाचे नाव होते, आणि हे शिपाई त्याच बादशहाचे होते.